दुर्गम मार्गावरील वाहनासाठी टपावरील सपाट कॅरिअरची निवड : भारमर्यादेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅनिंग स्टॉक रूट हा सुमारे १८५० किलोमीटर लांबीचा मार्ग वाळूच्या टेकड्यांमधून जातो. मार्गावर सोयी अत्यंत विरळ असल्यामुळे इंधन, पाणी व दुरुस्तीचे साहित्य प्रवाशांना बरोबर न्यावे लागते. वाहनातील जागा अपुरी पडली की उरलेले सामान टपावर चढते. त्यासाठी पूर्वी कठड्याचे पोलादी कॅरिअर वापरले जाई. अलीकडे आडव्या पट्ट्यांचे सपाट कॅरिअर, म्हणजेच रूफ रॅक प्लॅटफॉर्म, अधिक रूढ झाले आहे. ते निवडताना आकार, रूप व किंमत यांकडे प्रथम लक्ष जाते. वास्तविक हा प्रश्न मुळात भाराचा व म्हणूनच प्रवाशांच्या सुरक्षिततेचा आहे.

उद्दिष्टे :

१) टपावरील भारमर्यादेचा अर्थ स्पष्ट करणे.
२) टपावरील भाराचा वाहनाच्या स्थैर्यावर होणारा परिणाम पाहणे.
३) कॅरिअरच्या निवडीचे निकष मांडणे.

विषय विवेचन :

अ) भारमर्यादा : वाहनाच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती भार चालेल हे दिलेले असते. या भारात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरावे लागते, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. सुझुकीच्या तीन दारांच्या जिम्नीची मर्यादा ३० किलो आहे. तिच्यावर २० किलोचे कॅरिअर बसविल्यास सामानासाठी केवळ १० किलो उरतात. कॅरिअरची क्षमता कितीही अधिक असली तरी वाहनाची मर्यादा वाढत नाही. दोहोंपैकी जी कमी, तीच ग्राह्य.

ही मर्यादा सामान्यतः पक्क्या रस्त्यासाठी असते. खडबडीत मार्गावर प्रत्येक धक्क्याबरोबर भाराचा परिणाम वाढतो. म्हणून ऑस्ट्रेलियातील काही कॅरिअर-उत्पादक अशा मार्गासाठी मूळ क्षमता १.५ ने भागण्यास सांगतात. समजा, एखाद्या वाहनाची मर्यादा १०० किलो व कॅरिअरचे वजन २८ किलो आहे. पक्क्या रस्त्यावर ७२ किलो सामान नेता येईल. खडबडीत मार्गावर एकूण मर्यादा सुमारे ६६ किलो होईल व सामानासाठी ३८ किलो उरतील. २० लिटर डिझेलने भरलेला पत्र्याचा कॅन सुमारे २१ किलोचा असतो. म्हणजेच असे दोन कॅनही या टपावर नियमाने बसत नाहीत.

टपावरील तंबूच्या बाबतीत स्थिर भार व गतिमान भार असा भेद करावा लागतो. उभ्या वाहनाला धावत्या वाहनासारखे धक्के बसत नाहीत. त्यामुळे त्यावर झोपलेल्या माणसांचे वजन अधिक असले तरी चालू शकते. मात्र प्रवासातील मर्यादा तंबूच्या वजनालाही लागू असते. स्थिर भाराचा आकडा गतिमान भाराचा समजणे धोक्याचे आहे.

आ) स्थैर्य : डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता स्थैर्याचा एक गुणांक मिळतो. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने २००१ पासून वाहन उलटण्याच्या धोक्याच्या मानांकनासाठी याच गुणांकाचा आधार घेतला. उदाहरणादाखल २००० किलोचे, चाकांमध्ये १.५ मीटर अंतर असलेले व ०.७ मीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेले वाहन घेऊ. सस्पेन्शनचा झोल सोडून दिल्यास ते सुमारे ४७ अंशांच्या आडव्या उतारावर उलटेल. २ मीटर उंचीवर, म्हणजे टपावर, १०० किलो भार ठेवल्यास हा कोन सुमारे ४४.५ अंशांवर येतो. तोच भार वाहनात ०.८ मीटर उंचीवर ठेवल्यास कोन जवळजवळ बदलत नाही.

अडीच अंशांचा हा फरक कागदावर अल्प वाटतो. परंतु प्रत्यक्ष मार्गावर सस्पेन्शन कलते, एक चाक खड्ड्यात जाते, दुसरे दगडावर चढते आणि वेगाची भर पडते. अशा वेळी हाताशी असलेला कोन आधीच कमी झालेला असतो.

इ) धातू व जोडणी : ॲल्युमिनियमची घनता २.७, तर पोलादाची सुमारे ७.८५ आहे. मात्र ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असल्याने पट्ट्या अधिक खोल घ्याव्या लागतात. परिणामी वजनातील बचत घनतेच्या फरकाइतकी होत नाही. तरीही भारमर्यादेचा विचार करता ॲल्युमिनियम उजवे ठरते. पोलादी कॅरिअर गंजते, परंतु एखाद्या खेड्यातील वेल्डरही ते जोडून देऊ शकतो.

लँड रोव्हर डिफेंडरसारख्या जुन्या बांधणीच्या वाहनात टपाच्या कडेला पन्हळ असते व तिच्यावर अनेक पाय बसवून भार विभागता येतो. पन्हळ नसलेल्या वाहनात उत्पादकाने ठेवलेल्या जागीच जोडणी करणे श्रेयस्कर होय. कच्च्या रस्त्यावर पडणाऱ्या लाटांसारख्या उंचवट्यांमध्ये १ मीटर अंतर धरले, तर ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाला तासाभरात ७२,००० धक्के बसतात. एकही धक्का मोठा नसला तरी धातूला थकवा येऊन जोड तडकतात व नट सैल होतात. म्हणून नट वारंवार तपासणे आवश्यक ठरते.

ई) अन्य बाबी : टपावरील कॅरिअरमुळे हवेचा रोध व इंधनखर्च वाढतो, म्हणून उंच कठड्यापेक्षा टपालगत बसणारे कॅरिअर बरे. ते सहज काढता येत असल्यास प्रवासानंतर उतरवून ठेवावे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. भूगोल वा वनस्पतिशास्त्राच्या क्षेत्रभेटींसाठी वाहन सज्ज करणाऱ्या महाविद्यालयांनी कॅरिअर बसविण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे खात्री करून घेणे इष्ट होय.

निष्कर्ष :

१) प्रथम वाहनाची भारमर्यादा पाहावी, नंतर सामानाची यादी व वजन, आणि शेवटी कॅरिअर निवडावे.
२) कॅरिअर हाच टपावरील पहिला भार असल्याने गरजेपुरते लहान व हलके कॅरिअर घ्यावे.
३) तंबू, बिछाने, रिकामे कॅन यांसारखे हलके पण जागा व्यापणारे सामान टपावर; पाणी, इंधन व अवजारे शक्यतो खाली ठेवावीत.
४) मर्यादेत न बसणारे सामान कमी करणे हाच खरा उपाय होय. अधिक मजबूत कॅरिअर घेतल्याने टप मजबूत होत नाही.