काचपात्रांची कुलपरीक्षा

उत्तन-भाईंदरच्या एखाद्या जुन्या घरातील फडताळातून निघालेल्या काचपात्राचे कूळ ठरविताना, विक्रेत्याच्या जबानीपेक्षा पात्राच्या अंगावरील खुणांचा दाखलाच अधिक ग्राह्य मानावा. बाजूस जोडाची उभी रेघ असल्यास ते बहुधा साच्यात घडविलेले. तळाशी काच धरण्याची दांडी तोडून काढल्याचा खरबरीत व्रण असल्यास हाताने फुंकलेले. हाताला जड लागून टिचकीसरशी दीर्घ निनादणारे पात्र शिसेयुक्त असण्याचा संभव. आणि जंबुपार किरणांत हिरवे झळकणारे बहुधा युरेनियमयुक्त. ‘पैसा फंड’ या स्वदेशी निधीचा काचकारखाना तळेगावास १९०८ मध्येच निघाला असल्याने प्रत्येक जुना पेला विलायतीच समजण्याचे कारण नाही. एकाच खुणेवर निवाडा करू नये. आणि आम्लाने शिसे पाझरत असल्यामुळे शिसेयुक्त पात्रात लोणचे वा सरबत कदापि साठवू नये.