ऊर्जेचा ताळेबंद (लेखांक ६) : टाकीत ऊस किती, उसात पाणी किती?

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भारतात चाचणीसाठी पहिल्यांदा विकलं गेलं ते २००१ साली, तीन ठिकाणी. त्यातली दोन महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळचं. मिश्रण होतं ५ टक्के. पुढे एप्रिल २०१६ मध्ये त्याच मिरजेतून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली. पहिल्या फेरीत १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी, नंतर ५० वाघिणी आणि २५ लाख लिटर. मिरजेच्या नावावरच्या या दोन नोंदी सहसा कुणी एकत्र वाचत नाही. आज त्या एकत्र वाचू.

गेल्या लेखांकात औष्णिक वीजकेंद्रांचं पाणी पाहिलं. जुन्या केंद्रांनी युनिटमागे साडेतीन लिटरहून जास्त पाणी वापरू नये, असा नियम २०१५ साली आला. परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं तेही त्याच वर्षी. कोळशाच्या विजेला पाणी लागतं हे चटकन पटतं, कारण कूलिंग टॉवर लांबूनही दिसतात. पेट्रोलमधलं पाणी शोधायला मात्र उसाच्या फडात शिरावं लागतं.

आधी गाडीच्या ॲव्हरेजचं बघू, कारण ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दलची सगळी ओरड त्याचीच आहे. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक लिटर इथेनॉलमधून साधारण २१. म्हणजे ताकद दोन तृतीयांश. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घातलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरणार, हा साधा हिशोब आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात तो लिहिलेलाच होता : शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ६-७ टक्क्यांनी घटेल, तशाच दुचाकींचं ३-४ टक्क्यांनी, ई-२० ला जुळवलेल्या नव्या चारचाकींचं १-२ टक्क्यांनी. नव्या गाड्यांचं नुकसान कमी, कारण इथेनॉलचा ऑक्टेन चढा असतो आणि त्याच्या अंदाजाने बांधलेलं इंजिन गमावलेलं थोडंफार परत मिळवतं. आकडे लपवलेले नव्हते. पंपावर कुणी लावले नाहीत, इतकंच.

ब्राझीलमधल्या गाडीवाल्याला हे सांगावं लागत नाही. तिथे पंपावर पेट्रोल आणि इथेनॉल असे दोन्ही भाव लागलेले असतात, आणि इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून स्वस्त असेल तरच भरायचं हा ठोकताळा सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्याकडे मिश्रण एकच, भाव एकच, आणि घटलेलं ॲव्हरेज गिऱ्हाइकाच्या नावावर.

पण खिशाला बसलेली ही चाट सोसण्यासारखी आहे. पाण्याची बाजू जड आहे, आणि तिच्याबद्दल ओरडायला कुणी येत नाही.

त्याच आराखड्यातले आकडे घेऊ. एक टन उसापासून साधारण १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल मिळतं. एक किलो साखरेमागे १६०० ते २००० लिटर पाणी शेतात जातं. यावरून थेट रसापासून काढलेल्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी, हा आकडा आयोगानेच काढला आहे. आता आपण दोन पावलं पुढे जाऊ. ई-२० च्या एका लिटरमध्ये इथेनॉल असतं पाव लिटरहून कमी, तरी त्याचं पाणी होतं ५७२ लिटर. पन्नासचं ॲव्हरेज देणारी मोटारसायकल किलोमीटरमागे ११ लिटर पाणी खर्चते. शिवाय एक लिटर इथेनॉल ताकदीच्या हिशोबाने पाऊण लिटर पेट्रोलचीसुद्धा जागा घेत नाही. एक अख्खं लिटर पेट्रोल वाचवायचं तर दीड लिटर इथेनॉल हवं, म्हणजे जवळजवळ ४३०० लिटर पाणी. लातूरला गेलेल्या ५० वाघिणींच्या गाडीतलं सगळं पाणी उसाला दिलं असतं, तर त्यातून पावणेनऊशे लिटरसुद्धा इथेनॉल निघालं नसतं.

आता या आकड्याच्या बाहेरचं. पहिलं म्हणजे हे पाणी सगळंच धरणातलं नसतं, काही पावसाचंही असतं. ब्राझीलमधला बहुतेक ऊस पावसावर वाढतो. आपला आडसाली ऊस मात्र सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो, म्हणजे एक पुरा उन्हाळा काढतो, आणि तो उन्हाळा पाट नाहीतर बोअरवर निघतो. महाराष्ट्रात लागवडीखालच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने नोंदवलं आहे. मांजरा धरण कोरडं पडून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो सगळा पट्टा साखर कारखान्यांचाच आहे.

दुसरं, सगळं इथेनॉल रसाचं नसतं. साखर पूर्ण काढून झाल्यावर उरते ती सी-हेवी मळी. ऊस साखरेसाठीच लावला होता, पाणी साखरेच्या खात्यावर पडलं. या मळीपासून केलेल्या इथेनॉलला जवळपास फुकटात आलेलं म्हणायला हरकत नाही. थोडी साखर मळीतच ठेवली की बी-हेवी, आणि साखर न करता रसच आंबवला तर पाण्याचा पुरा बोजा इथेनॉलवर. त्यामुळे 'इथेनॉल चांगलं की वाईट' या प्रश्नाला उत्तर नाही. कशापासून आणि कोणत्या तालुक्यात, हे विचारावं लागतं.

डिस्टिलरीचा ताप वेगळा. मळीपासून एक लिटर इथेनॉल करताना साधारण ८ ते १५ लिटर तपकिरी, आम्लधर्मी सांडपाणी निघतं. ते बाहेर थेंबभर सोडायचं नाही असा नियम आहे. कृष्णाकाठच्या लोकांना नियम किती पाळला जातो हे विचारायची गरज नाही; नदीत मेलेल्या माशांचा खच दिसला की ते ओळखतात.

बाजू मांडायची तर पूर्ण मांडू. परकीय चलनाचे एक लाख कोटींहून अधिक रुपये वाचले, असं सरकार सांगतं. उसाच्या इथेनॉलमुळे पेट्रोलच्या तुलनेत कार्बन उत्सर्जन ६५ टक्क्यांनी आणि मक्याच्या इथेनॉलमुळे ५० टक्क्यांनी घटतं, असा नीती आयोगाचा अभ्यास आहे. कारखान्यांच्या हाती रोकड आली की उसाची बिलंही लवकर निघतात, आणि हा फायदा खरा आहे. पण ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा साखर कमी पडेल या धास्तीने डिसेंबरात केंद्राने रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवड्याभरात ती थोडी सैल केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उठवली. आखातातल्या तेलावरचं अवलंबित्व आपण मोसमी वाऱ्यांवर नेऊन ठेवलं आहे. मग जोर मक्यावर आला. खरिपाचा मका बहुतांशी पावसावर येतो, पाण्याच्या हिशोबात तो उसापेक्षा कितीतरी बरा. पण एकेकाळी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये तो आयात करू लागला आणि कोंबड्यांचं खाद्य महागलं.

विजेवरची स्कूटर एका युनिटमध्ये साधारण तीस किलोमीटर जाते. औष्णिक केंद्राच्या नियमाने मोजलं तर पन्नास किलोमीटरला सहा लिटर पाणीही लागत नाही. राख आणि धूर तिच्या खात्यावर आहेतच. पाण्यात मात्र रसाचं इथेनॉल तिच्या जवळपासही येत नाही.

माझं मत सरळ आहे. सी-हेवी मळीचं इथेनॉल थेंबन् थेंब वापरावं. अवर्षणप्रवण तालुक्यांत रसापासून इथेनॉल काढू देऊ नये, आणि पाटपाण्यावरच्या उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा राज्याने २०१७ मध्ये घेतलेला निर्णय कागदाबाहेर यावा. २०२४-२५ मध्ये तेल कंपन्या सी-हेवीच्या इथेनॉलला लिटरमागे ५७ रुपये ९७ पैसे देत होत्या, बी-हेवीच्या ६० रुपये ७३ पैसे आणि रसाच्या ६५ रुपये ६१ पैसे. म्हणजे पाणी जितकं जास्त, भाव तितका चढा. हे भाव केंद्र सरकारच ठरवतं. ते उलटे करायला नवा कायदा लागत नाही.

(पुढील लेखांक : सौर पॅनेल धुण्याचं पाणी)