धातूचे सैनिक जोडताना : नवशिक्यांसाठी

वॉरगेमिंगचे 28 मिमीचे धातूचे सैनिक पहिल्यांदाच मागवले असतील, तर रंग उघडण्याआधी हे वाचा.

हे सैनिक बहुधा कथिलाच्या मिश्रधातूचे असतात. रबरी साच्याचे दोन भाग जुळतात तिथे अंगावर बारीक रेघ राहते. ती कानशीने घासा. चेहऱ्यावर मात्र कानस नको, नाकच जातं! तिथे क्राफ्ट नाइफची धार आडवी धरून हलकेच खरवडा. मग भांड्यांचा साबण आणि जुन्या टूथब्रशने धुऊन पूर्ण वाळवा. साच्यातली पावडर राहिली, तर गोंद नीट धरत नाही आणि प्रायमरही.

गोंद म्हणजे सुपरग्लू, तोही थेंबभरच. प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, धातूवर त्याचा उपयोग नाही.

पंख, घोडा, लांब हात असे जड भाग नुसत्या गोंदावर टिकत नाहीत. त्यांना पिन घाला. हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने 1 मिमीचं भोक पाडा आणि पेपरक्लिपचा तुकडा बसवा. समोरचं भोक नेमकं कुठे हवं? पिनच्या टोकाला रंगाचा ठिपका लावून दुसऱ्या भागावर टेकवा, खूण उमटते. ही युक्ती मला सगळ्यात आवडते. उरलेल्या फटी इपॉक्सी पुट्टीने बुजवा.

जुने, सेकंडहँड सैनिक घेतले असतील तर त्यांत शिसं असू शकतं. ते ओले करूनच घासा, मास्क लावा, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका.