ओढेल, पण पेलेल का?

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली काही मंडळी सुट्टीत पिकअप ट्रकच्या मागे चाकांवरचं घर जोडून राष्ट्रीय उद्यानांकडे निघतात. या घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत बिछाने, ओटा, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सगळं काही. ते विकत घेताना पहिला प्रश्न असतो, ‘आमचा ट्रक हे ओढेल ना?’ मी म्हणतो, ओढेल हो. पण पेलेल का, ते आधी पाहा.

ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगायला नको. ओझं फार मागे गेलं तर गाडी उलाळते, फार पुढे आलं तर बैलांच्या मानेवर बसतं. ट्रेलरचंही तसंच आहे. त्याच्या पुढच्या दांड्याचा भार ट्रकच्या मागच्या अंगावर येतो. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा लागतो. त्याहून कमी ठेवला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खाऊ लागतो आणि ट्रकलाही आपल्याबरोबर फरफटत नेऊ शकतो. म्हणजे हा भार टाळता येत नाही. तो ट्रकनं सोसायलाच हवा.

ट्रकची ही सोसण्याची मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच छापलेली असते. माणसं आणि सामान मिळून इतक्याच वजनाचं, असं तिथे लिहिलेलं असतं. दांड्याचा भारही याच हिशेबात धरायचा.

आता हिशेब करू. समजा, पट्टीवर ६८० किलो, म्हणजे १,५०० पौंड लिहिले आहेत. घरची चार माणसं २८० किलो. ट्रकमधलं सामान १२०. जोडणीचं लोखंडी साहित्य ४०. उरले २४० किलो. दांड्याचा भार १२ टक्के धरला, तर भरलेला ट्रेलर २,००० किलोंचाच चालेल. जाहिरातीत मात्र त्याच ट्रकची ओढण्याची ताकद ४,५०० किलो दिलेली असू शकते! १५ टक्के धरले, तर २,००० चे १,६०० होतात.

शिवाय ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं वजन बहुधा रिकाम्या ट्रेलरचं असतं. १५० लिटर पाणी भरलं की १५० किलो वाढलेच. भांडी, अंथरुणं, किराणा वेगळा. म्हणून हिशेब ट्रेलरच्या कमाल भरलेल्या वजनावर करावा.

मर्यादा ओलांडली की ट्रकची मागची बाजू दबते आणि पुढची चाकं हलकी होतात. मग स्टिअरिंग आणि ब्रेक यांची पकड कमी होते, मागचे टायर तापतात. भार वाटून देणारी खास जोडणी मिळते. तिच्यामुळे पुढच्या चाकांवर पुन्हा वजन येतं, पण पट्टीवरचा आकडा वाढत नाही.

तिकडे महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. माणसं, पाणी, सामान यांसह एकदा काट्यावर उभं राहावं. आकडा जुळला नाही, तर लहान घर घ्यावं किंवा मोठा ट्रक. आपली माणसं गाडीत बसवून आकड्याशी घासाघीस करू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)