जोडीचा बिल्ला

परवा देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर माझा बिल्ला हरवला. पत्र्याचा, वाटोळा, वर ठोकून उमटवलेला १७ हा आकडा. त्याचा जुळा भाऊ तारेनं माझ्या चपलांना बांधलेला समोर दिसत होता. मी बोट करून दाखवलं, पण स्टँडवरच्या मावशी बधल्या नाहीत. "दादा, बिल्ल्याशिवाय चपला नाहीत. गर्दी ओसरू द्या, शेवटी उरतील त्या तुमच्या." तासभर पायरीवर बसून राहिलो. चूक माझीच होती, आणि मावशींचं शास्त्र तर दोन हजार वर्षांहून जुनं.

'सिम्बल' हा इंग्रजी शब्द मूळचा ग्रीक, 'सुम्बोलॉन'. त्यातल्या क्रियापदाचा अर्थ एकत्र टाकणं, जुळवणं. दोन घरांत पाहुणचाराचं नातं जडलं की एखादं हाड किंवा मातीचा तुकडा मधोमध मोडायचे आणि अर्धा-अर्धा वाटून घ्यायचे. पुढे कधी दुसऱ्या घरचा मुलगा परगावाहून आला, की त्यानं आपला तुकडा पुढे करायचा. कडेला कड बसली की ओळख पटली! म्हणजे सिम्बल हा मुळात अर्धाच असतो. उरलेला अर्धा कुणाकडे तरी असावा लागतो.

आपण 'हिशेब टॅली होत नाही' म्हणतो, त्या 'टॅली'ची गोष्ट अशीच, पण जास्त रंगतदार. लॅटिनमध्ये 'तालेआ' म्हणजे काठी. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात कैक शतकं लाकडी पट्ट्यांवर खाचा पाडून हिशेब ठेवत. बाराव्या शतकातल्या एका ग्रंथात खाचांची मापं दिली आहेत: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. पेनीला नुसता चरा. खाचा पाडून झाल्या की पट्टी उभी चिरायची. लांब तुकडा पैसे भरणाऱ्याचा, त्याला 'स्टॉक' म्हणत. आखूड तुकडा खजिन्याचा. एकानं गुपचूप खाच वाढवली तरी दुसऱ्या तुकड्यावर ती नसणार, आणि लाकडाच्या शिरा तर कुणालाच बनवता येत नाहीत. आपल्याकडच्या वहीत खाडाखोड करता येते; इथे तीही सोय नाही.

खाचेसाठी नॉर्स भाषेतून आलेला शब्द 'स्कोअर'. मेंढरं मोजताना वीस झाली की एक खाच, म्हणून स्कोअर म्हणजे वीस, असं सांगतात. अठराव्या शतकातल्या क्रिकेटमध्ये धावांना सरळ 'खाचा'च म्हणत, कारण धावा मोजणारा काठीवर सुरी चालवत असे. वानखेडेवरच्या झगमगत्या फलकालाही आपण स्कोअरबोर्डच म्हणतो. सुरी गेली, शब्द राहिला.

टॅलीचा शेवट मात्र भलताच झाला. १८२६ मध्ये ही पद्धत बंद पडली आणि वेस्टमिन्स्टरला जुन्या काठ्यांचा ढीग साचला. १६ ऑक्टोबर १८३४ ला दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत घातल्या. संध्याकाळी आग भडकली आणि ब्रिटिश संसदेची बहुतेक इमारत खाक झाली. सरपण म्हणून गरिबांना वाटल्या असत्या तर! देशाच्या यार्ड आणि पौंडाचे प्रमाण नमुनेही त्या आगीत बाद झाले. आज फोटोत दिसते ती बिग बेनवाली इमारत त्यानंतरची.

बाकीचे शब्दही असेच वस्तूंतून आलेले. 'मार्क' म्हणजे आधी शीव, हद्द. डेन्मार्कमधला 'मार्क' तोच. परीक्षेतले मार्क फार पुढचे. 'टोकन' आणि 'टीच' सख्खे भाऊ. दोन्हींत 'दाखवणं' आहे. 'क्लू' म्हणजे सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसिअस भुलभुलैयातून बाहेर पडला तो आरिआद्नीनं दिलेल्या सुताच्या मागानं. आपल्या वार्ताहरांनी ही कथा वाचलेली असो वा नसो, पोलिसांच्या हाती ते कायम 'धागेदोरे'च लावतात.

आणि 'इंडेंचर'. त्यात लॅटिनमधला 'दात' दडला आहे. एकाच चामड्यावर करार दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी कापायचा. दाताला दात बसला तर करार खरा. पुढे कात्री चालेनाशी झाली, नाव उरलं, आणि त्या नावाच्या करारावर हिंदुस्थानातले मजूर उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. संसद जळाली त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन मॉरिशसला लागलं. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसंही गेली; त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. त्या नोंदवह्या तिथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. खापरपणजोबांचं गाव शोधायला आलेली माणसं घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आकडा पुढे करतात, आणि कर्मचारी त्याच आकड्याची नोंद काढतो.

माझ्या चपला रात्री साडेनऊला मिळाल्या. तारेवरचा १७ मावशींनी सोडवून डब्यात टाकला. "याची जोडी गेली," म्हणाल्या, "आता हा कुणाला देता येत नाही."