वाचाघात : उपचार कोणत्या भाषेत?

चाकण औद्योगिक वसाहतीत प्रेस मशीनवर काम करणारा पन्नाशीचा एक कामगार डोळ्यांसमोर आणा. मूळ गाव मराठवाड्यात, बिऱ्हाड भोसरीला. घरी मराठी, कारखान्यात बिहार-ओडिशाच्या सोबत्यांशी हिंदी आणि यंत्रासमोर इंग्रजी शब्द. रक्तदाबाच्या गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. एका रात्रपाळीत उजवा हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते. रुग्णालयात जीव वाचतो. दहा-बारा दिवसांनी तो घरी येतो तेव्हा हात थोडा हलू लागलेला असतो, पण तोंडातून ‘ते... ते...’ एवढेच निघते. समोर पाण्याचा तांब्या असतो, हवा तोच असतो, पण नाव सापडत नाही.

संध्याकाळी शेजारी हरिपाठ सुरू होतो आणि हाच माणूस स्पष्ट आवाजात ‘रामकृष्ण हरी’ म्हणतो. घरचे चक्रावतात. ‘देवाचे नाव येते, मग मुलाला हाक मारायला काय होते?’ कोणी म्हणते, डोक्यावर परिणाम झाला. कोणी म्हणते, मुद्दाम करतो. कोणी बाहेरची बाधा काढायला नेण्याचा सल्ला देते. देहू-आळंदीच्या सावलीतल्या या पट्ट्यात असे प्रसंग अनेक घरांत घडतात आणि प्रत्येक घराला तो प्रकार आपल्याच नशिबी आला असे वाटते.

वैद्यकशास्त्रात याला वाचाघात किंवा अफेझिया म्हणतात. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचे मुख्य काम डावा भाग करतो. शरीराची उजवी बाजूही तोच चालवतो. म्हणूनच उजवी बाजू लुळी पडली की अनेकदा भाषाही अडखळते. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये वाचाघात आढळतो. यात जीभ शाबूत असते आणि विचारही चालू असतो. विचारातून शब्दाकडे जाणारी वाट बिघडलेली असते. जिभेच्या किंवा ओठांच्या स्नायूंत कमजोरी येऊन उच्चार बोबडे होतात, तो वेगळा विकार. त्याला डिसआर्थ्रिया म्हणतात. तोंडपाठ झालेली नामस्मरणे, आकडे, वारांची नावे, गाण्याचे धृपद, इतकेच काय शिव्याही वेगळ्या मार्गाने बाहेर पडतात. त्यामुळे ‘रामकृष्ण हरी’ येणे आणि मुलाचे नाव न येणे यात ढोंग नाही.

हे ज्ञान रुग्णांजवळ बसून मिळाले आहे. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी एक रुग्ण पाहिला. त्याला बरेचसे समजत होते, पण बोलताना ‘टॅन’ एवढाच आवाज निघे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा दिसली. १८७४ मध्ये जर्मनीतील कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला : बोलणे धाराप्रवाही, पण अर्थहीन आणि ऐकलेले समजत नाही. मात्र हे रुग्ण युरोपीय भाषा बोलणारे होते. पुढे चाचण्या तयार झाल्या त्याही प्रामुख्याने इंग्रजीत. भारतातील रुग्णाला त्या कशा लागू करायच्या, हा प्रश्न सोडवायला इथल्याच अभ्यासकांनी आयुष्य घालवावे लागले.

त्यांतले एक महत्त्वाचे नाव डॉ. प्रतिभा कारंथ यांचे. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत आणि बंगळूरच्या निम्हान्समध्ये त्यांनी काम केले, विद्यार्थी घडवले. कन्नड आणि इंग्रजी दोन्ही वाचू शकणाऱ्या एका व्यक्तीचे मेंदूच्या विकारामुळे वाचन गेले, तिचा अभ्यास त्यांनी १९८१ मध्ये ‘कॉर्टेक्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. इंग्रजीत एका आवाजाला एक अक्षर असा हिशेब असतो, तोही पुष्कळदा चुकतो. कन्नड किंवा देवनागरीत मात्र ‘कि’, ‘कु’, ‘के’ अशी पूर्ण अक्षरे बनतात. मग इंग्रजी वाचनावरून बांधलेले सिद्धान्त आपल्या लिपीला जसेच्या तसे लागू होतील का? हा प्रश्न त्यांनी अनेक वर्षे लावून धरला. वाचनविकारांचा विविध भाषांतून केलेला त्यांचा अभ्यास २००३ मध्ये ग्रंथरूपाने आला.

मराठीपुरते पाहिले तर हा मुद्दा लगेच पटतो. आपण ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी केळं खाल्लं’ म्हणतो. खाणारा एकच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते तिन्ही वेळा तसेच राहते. इंग्रजी चाचणीचे नुसते भाषांतर केले तर मराठी रुग्णाचे व्याकरण नेमके कुठे तुटले, हे तिला पकडताच येणार नाही. उलट बाजूही आहे. पाटण्याहून येऊन पाच वर्षे चाकणला राहिलेला तरुण ‘भाकरी खाल्ला’ म्हणाला तर तो वाचाघात असेलच असे नाही. त्याचे मराठी आजारापूर्वीही तसेच असू शकते. म्हणून तपासणीपूर्वी नातेवाईकांना विचारावे लागते : घरात कोणती भाषा, शाळा कोणत्या भाषेत, कामावर काय बोलायचे, लिहिता-वाचता किती यायचे?

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मिशेल पॅराडी यांनी बहुभाषक रुग्णांसाठी १९८७ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात हीच विचारपूस आधी येते. प्रत्येक भाषेत चाचणीचे भाषांतर न करता त्या भाषेच्या स्वभावाप्रमाणे ती नव्याने रचायची, हे तिचे तत्त्व आहे.

मग पुढचा प्रश्न. तीन भाषा बोलणाऱ्याची कोणती भाषा आधी परत येईल? एकोणिसाव्या शतकातच दोन मते पडली होती. फ्रान्सचे रिबो यांच्या मते सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकते. त्यांचेच देशबांधव पित्र यांनी १८९५ मध्ये मांडले की, आजारापूर्वी सर्वांत जास्त वापरात असलेली भाषा आधी परतते. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारचे रुग्ण दिसतात. काहींच्या सर्व भाषा बरोबरीने सुधारतात, काहींची एकच. चाकणच्या कामगाराची सवयीची भाषा घरची मराठी की बारा तास कानावर पडणारी हिंदी, हे त्याला पाहूनच ठरवावे लागते.

उपचार कोणत्या भाषेत करावेत, यावर बोस्टन विद्यापीठातील प्रा. स्वाती किरण यांनी दीर्घकाळ काम केले आहे. मूळच्या भारतातील असलेल्या या प्राध्यापिकेने सिंथिया थॉम्पसन यांच्यासोबत २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तूंची नावे विसरलेल्या चार रुग्णांना त्यांनी एकाच वर्गातील शब्द शिकवले. पक्षी म्हटल्यावर चटकन आठवतात ते चिमणी-कावळ्यासारखे. शहामृग किंवा पेंग्विन लवकर आठवत नाहीत. असे आडवळणाचे शब्द शिकवल्यावर न शिकवलेले नेहमीचे शब्दही सुधारले, उलट मात्र झाले नाही. सोप्यापासून सुरुवात करावी या रूढ समजुतीला त्यामुळे धक्का बसला. २००६ मध्ये लिसा एडमंड्स आणि किरण यांनी स्पॅनिश-इंग्रजी बोलणारे तीन रुग्ण अभ्यासले. ज्यांची इंग्रजी अधिक पक्की होती, त्यांना कच्च्या स्पॅनिशमध्ये सराव दिल्यावर इंग्रजीलाही फायदा झाला. पक्क्या भाषेतील सराव मात्र दुसरीकडे पोचला नाही. रुग्ण मोजके असल्याने याचा सरसकट नियम करता येत नाही. पण दुसरी भाषा म्हणजे उपचारातला अडथळा, ही भीती त्यातून कमी होते.

या संदर्भात हैदराबादचा अभ्यास दिलासा देतो. निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताचे ६०८ रुग्ण तपासले. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघातानंतर स्मृती, लक्ष, विचार या क्षमता शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण एकभाषकांत १९.६ टक्के, तर एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. म्हणजे अनेक भाषा येत असल्या तरी वाचाघात होऊ शकतो. पण पट्ट्यातल्या कामगाराची तीन भाषांची कमाई वाया जात नाही, एवढे नक्की.

उपचारांचा उपयोग होतो का? २०१६ मधील कॉक्रेन आढाव्यात ५७ चाचण्यांतील ३,००२ व्यक्तींची माहिती एकत्र पाहिली गेली आणि वाचाउपचारांचा दैनंदिन संवादाला फायदा होतो असे दिसले. ‘सहा महिने गेले, आता काही होणार नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. जर्मनीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांहून जुना वाचाघात असलेले १५६ रुग्ण होते. आठवड्याला किमान दहा तास, असे किमान तीन आठवडे उपचार दिल्यावर त्यांचे बोलणे सुधारले. अडचण एवढ्या तासांची आहे. रोजंदारी बुडवून भोसरीहून पुण्यात आठवड्यातून एकदा येणेही अनेकांना जमत नाही.

या उपचारांसाठी प्रशिक्षित वाचाउपचारतज्ज्ञ लागतात. पुण्यात भारती विद्यापीठात, मुंबईत नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे शिक्षण मिळते. पदवीचा अभ्यासक्रम आंतरवासितेसह चार वर्षांचा असतो. बाहेर पडलेल्या तरुणांपुढे लहान मुलांचे बोलणे आणि श्रवणयंत्रे ही कामे आधी येतात. पक्षाघाताच्या रुग्णाकडे वळणारा विद्यार्थी बहुधा एखाद्या शिक्षकाने घडवलेला असतो. त्या शिक्षकाने वॉर्डात खाटेशेजारी बसून दाखवलेले असते की ‘ते... ते...’ म्हणणारा माणूस सगळे ऐकतो आहे. प्राध्यापकाची एक जागा रिकामी राहिली की तिचा परिणाम असा थेट एखाद्या कामगाराच्या घरापर्यंत पोचतो.

घरच्यांना मात्र आजपासूनच बरेच काही करता येते. एका वेळी एकानेच, सावकाश, छोट्या वाक्यांत बोलावे. टीव्ही बंद ठेवावा. ‘काय पाहिजे?’ असे विचारण्यापेक्षा ‘चहा की पाणी?’ असे विचारून दोन्ही दाखवावे. उत्तरासाठी थांबावे, शब्द तोंडात कोंबू नये. खुणा, चित्रे, मोबाइलमधले फोटो चालतात. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलू नये. हरिपाठ येत असेल तर जरूर म्हणू द्यावा. चालीच्या आधाराने बोलते करण्याची एक उपचारपद्धती बोस्टनमध्ये १९७३ पासून विकसित झाली आहे. मात्र ती तज्ज्ञाकडून शिकून घ्यावी. जी भाषा घरात चालते तीच चालू ठेवावी, मुद्दाम बदलू नये.

दोन गोष्टी कुटुंबाने लक्षात ठेवाव्यात. अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला तर लगेच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. दुसरे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेल्या कायमस्वरूपी वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. बोलता येत नाही म्हणून कोणी परस्पर त्याचा अंगठा घेत असेल किंवा राजीनामा लिहून घेत असेल, तर आधी त्याला ते समजले का, हे त्याच्या भाषेत तपासायला हवे. मान हलवून ‘नाही’ म्हणणे हेही त्याचे उत्तरच आहे.