कॉलेज विकताना कर्ज कुणाच्या माथी?

अमेरिकेतली कोरिंथियन कॉलेजेस ही नफ्यासाठी चालणारी साखळी. तिचे सुमारे ७२ हजार विद्यार्थी मुख्यतः सरकारी शैक्षणिक कर्जावर शिकत होते. जून २०१४ मध्ये शिक्षण खात्याने हे पैसे २१ दिवस रोखले आणि साखळीचा श्वासच कोंडला. जुलैमध्ये ८५ शाखा विक्रीला काढण्याचा शिक्षण खात्याशी करार झाला. पण अशी कॉलेजं विकणं म्हणजे इमारती आणि बाकं विकणं नव्हे. मालक बदलला की सरकारी मदतीची पात्रता, राज्याचा परवाना, अधिस्वीकृती या सगळ्यांना पुन्हा मंजुरी लागते. खरा अडसर मात्र जुन्या फसवणुकीच्या जबाबदारीचा होता. त्याबद्दल कॅलिफोर्निया सरकारचा खटला चालूच होता, आणि नव्या मालकाला त्यातून मोकळं करायला ते राज्य तयार नव्हतं. साखळीतल्या हील्ड कॉलेजने तर तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एजन्सींना पैसे देऊन माजी विद्यार्थ्यांना अवघ्या दोन दिवसांची कामं मिळवून दिली आणि ती ‘नोकरी लागली’ म्हणून दाखवली होती.

कॅलिफोर्नियाच्या या ताठरपणामुळे विद्यार्थी रस्त्यावर आले, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे: एप्रिल २०१५ मध्ये विक्री न होता उरलेल्या २८ शाखा एका फटक्यात बंद झाल्या, सुमारे १६ हजार विद्यार्थी अडकले. तरीही नव्या मालकाला जबाबदारीतून मोकळं न करण्याची ती भूमिका मला रास्तच वाटते. कारण कॉलेज बंद पडलं, तर शिकत असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज माफ करून घेता येतं. नुसतं विकलं गेलं, तर त्या कारणाने माफी मिळत नाही. फसवल्या गेलेल्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज सरकारने रद्द केलं, पण त्यासाठी जून २०२२ उजाडावा लागला. चूक झाली ती कारवाईला लागलेल्या या उशिरात.